संमतीचा घटस्फोट आणि दोघांच्या नावावरचा फ्लॅट : आधी काय, मग काय

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला की घराचाही निकाल लागला, अशा समजुतीत बरेच जण कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या उतरतात. दोन-तीन वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की कळतं, इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर) अजून दोन नावं आहेत, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं आहेत आणि कर्जखात्यावरही दोघंच आहेत. मग जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलणं कधीच थांबलंय, त्या माणसाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीसाठी बोलवावं लागतं. या सगळ्यातून जाताना कुणाला किती मिळणार यावर खूप डोकं लावलं जातं. कुठला कागद कुठल्या दिवशी करायचा, यावर फार कमी. पैसे आणि मनस्ताप दोन्ही जातात ते या दुसऱ्या गोष्टीत. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या, हिंदू विवाह कायद्याखालच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाबद्दल आहे. घर सोसायटीतलं, नावं दोघांची, कर्ज चालू, अशी शहरात नेहमी दिसणारी स्थिती धरली आहे.

पहिला गैरसमज ‘अर्ध्या’चा. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मिळकतीत दुसऱ्याचा आपोआप अर्धा हिस्सा होतो, असा नियम आपल्याकडे नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरण्याची पद्धत आहे, महाराष्ट्रात नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं बोलतं. कलम २५ पोटगीचं. ती देताना न्यायालय देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकतं. मिळकतीचा वाद कौटुंबिक न्यायालयापुढे नेता येतो, कारण कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ मध्ये पती-पत्नीच्या मिळकतीचे दावे येतात. पण संमतीच्या प्रकरणात न्यायालय स्वतःहून वाटणी करून देत नाही. तुम्ही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून न्यायालयात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, जे लिहाल, तीच वाटणी.

मग दोघांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये कुणाचा किती हिस्सा? खरेदीखतात टक्केवारी लिहिलेली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ बघायचं : ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचा समान. म्हणजे पुरावा ज्याच्याकडे, त्याला निम्म्याहून जास्त मागता येतं. तो पुरावा बँकेच्या खातेउताऱ्यात असतो. बिल्डरला दिलेली पहिली रक्कम कुठल्या खात्यातून गेली, त्या खात्यात ती कुठून आली, माहेरून किंवा सासरहून आलेले पैसे चेकने होते की रोखीने, आणि ईएमआय कुणाच्या खात्यातून कापला जातो. जुने उतारे बँकेतून मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे बोलणी सुरू करण्याआधीच अर्ज टाकून ठेवावा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हप्ता एकाच्या खात्यातून जातो आणि शाळेची फी, किराणा, आईवडिलांची औषधं दुसऱ्याच्या खात्यातून, अशी व्यवस्था असंख्य घरांत असते. पंधरा वर्षांनी बँकेचे उतारे समोर ठेवले की हप्ता भरणारा मालक दिसतो आणि घर चालवणारी व्यक्ती कुठेच दिसत नाही. म्हणून फक्त ईएमआयची बेरीज करू नका. दोघांचं उत्पन्न आणि दोघांचे खर्च एकाच तक्त्यात, वर्षनिहाय मांडा. नोकरी सोडून मुलांकडे पाहिलं असेल तर ती वर्षंही त्या तक्त्यात येऊ द्या. कायद्याने त्याची किंमत लावून दिलेली नसली तरी तडजोडीच्या टेबलावर तो तक्ता बोलतो.

फ्लॅट एकाच्याच नावावर आणि पैसे दुसऱ्याने भरलेले, हेही सर्रास असतं. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात पती-पत्नीसाठी अपवाद आहे : स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घर घेतलं तर तो बेनामी व्यवहार होत नाही. त्यामुळे पैसे भरणाऱ्याला हक्क सांगता येतो, मात्र सिद्ध त्यालाच करावं लागतं. राहण्याचा हक्क ही त्याहून वेगळी गोष्ट. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १७ नुसार, घर नावावर नसलं तरी पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही. वाटणीच्या चर्चेत या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की दोन्ही बाजू चुकीचे आकडे धरून बसतात.

आकड्यांकडे येऊ. घराची किंमत म्हणून दोघं दोन आकडे घेऊन येतात. घर ठेवू पाहणारा रेडी रेकनरचा आकडा सांगतो, घर सोडणारा शेजारच्या इमारतीत मागितल्या गेलेल्या भावाचा. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क मोजण्यासाठीचा सरकारी दर आहे. बाजारात तेवढेच पैसे मिळतील असा त्याचा अर्थ नाही. आणि मागितलेला भाव म्हणजे झालेला सौदा नव्हे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्याच इमारतीतले अलीकडचे दस्त पाहावेत. त्यांच्या इंडेक्स टूवर क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. सोबत दोघांनी मिळून एकच नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमावा आणि त्याचा आकडा मान्य करू, असं आधी लिहून घ्यावं. दोघांनी दोन नेमले तर दोन अहवाल येतात आणि भांडण तिथेच राहतं.

समजा, फ्लॅटची किंमत ९० लाख ठरली आणि कर्ज ३४ लाख शिल्लक आहे. वाटायचे उरले ५६ लाख, समान हिस्सा धरला तर प्रत्येकी २८. घर पत्नीने ठेवायचं असेल तर तिला ३४ लाखांचं कर्ज एकटीच्या अंगावर घ्यायचंय आणि शिवाय २८ लाख नवऱ्याला द्यायचेत, एकूण ६२ लाख. ते सगळे कर्जाने उभे करायचे म्हटले तर २० वर्षं मुदत आणि साडेआठ टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता ५३,८०० रुपयांच्या आसपास जातो. हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंतच हप्ता असावा, असा साधारण हिशोब बँका लावतात. म्हणजे पगार एक लाख आठ हजारांच्या घरात हवा. आता तिला मिळायची एकरकमी पोटगी १५ लाख ठरली आणि ती यातून वळती केली, तर तिने द्यायचे राहतात १३ लाख. कर्ज ४७ लाख, हप्ता साधारण ४०,८००. घर ठेवणं परवडतं की नाही, हे ‘मला हे घर हवंय’ यावर ठरवू नका, या हप्त्यावर ठरवा. मुलांच्या शाळेसाठी, शेजारासाठी घर धरून ठेवलं आणि दीड वर्षात हप्ते थकले, तर घरही जातं आणि सिबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीतला, शेरा दोघांनाही लागतो.

दोघांनाही का? कारण कर्जाच्या करारात दोघं सहकर्जदार आहेत आणि पूर्ण रकमेला प्रत्येक जण जबाबदार आहे. ‘यापुढचे हप्ते पत्नी भरेल’ असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं आणि न्यायालयाने ते मान्य केलं, तरी बँक त्याने बांधली जात नाही. ती त्या तडजोडीत पक्षकारच नव्हती. हप्ता चुकला की नोटीस दोघांना. वेगळा झालेला माणूस स्वतःच्या नव्या घरासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा हे जुनं कर्ज त्याच्या नावावर उभंच असतं आणि त्याची पात्रता तेवढी घटते.

सहकर्जदाराचं नाव काढणं हे बँकेच्या लेखी नवीन कर्ज मंजूर करण्यासारखं काम आहे. पगारपत्रकं, फॉर्म १६, खात्याचे उतारे आणि कन्सेंट टर्म्सचा मसुदा घेऊन, राहणाऱ्या एकट्याच्या उत्पन्नावर पात्रता नव्याने तपासली जाते. कमी पडली तर आईवडील किंवा भावंडाला सहकर्जदार म्हणून घेणं, काही रक्कम आधी भरून कर्ज खाली आणणं, मुदत वाढवणं, असे मार्ग असतात. आहे ती बँक नाही म्हणाली तर कर्ज दुसरीकडे वळवता येतं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मात्र नवऱ्याचा हिस्सा बायकोने विकत घेण्यासाठी कर्ज द्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात, त्यामुळे १३ किंवा २८ लाखांची तजवीज बँकेशी बोलल्याशिवाय गृहीत धरू नये. माझं ठाम मत : बँकेचं लेखी मंजुरीपत्र हातात येईपर्यंत कन्सेंट टर्म्सवर सही करू नये. शाखेत कुणी ‘होऊन जाईल’ म्हणालं, एवढ्यावर तर नाहीच. आणि मंजुरीपत्राला मुदत असते. न्यायालयाची तारीख पुढे गेली तर ते नव्याने घ्यावं लागतं.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा : नाव बदलण्यासाठी कुठला दस्त करायचा.

बक्षीसपत्र हा सगळ्यात स्वस्त मार्ग. महाराष्ट्रात निवासी घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा किंवा मेट्रोचा अधिभार लागतो, तो आपल्या हद्दीप्रमाणे आधी मोजून घ्यावा. पण इथे दोन अटी आहेत आणि दोन्ही घटस्फोटात आडव्या येतात. पहिली, दस्ताच्या दिवशी ते पती-पत्नी असले पाहिजेत. हुकूमनामा झाल्यावर ही सवलत संपली. दुसरी, बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. ‘२८ लाख घेऊन’ किंवा ‘पोटगीचा हक्क सोडल्याच्या बदल्यात’ हिस्सा दिला, तर तो मोबदला झाला आणि त्या दस्ताला बक्षीसपत्र म्हणणं चूक. वर एक नाव, आत दुसरा व्यवहार, असा दस्त पुढे विक्रीच्या वेळी नाहीतर मुद्रांक तपासणीत अडकतो. ‘उरलेलं कर्ज घेणाऱ्याने फेडायचं’ हे वाक्यसुद्धा मोबदला म्हणून वाचलं जाऊ शकतं. त्यामुळे शंका असेल तिथे मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, टाकावा. किती शुल्क लागेल ते लेखी मिळतं.

हक्कसोडपत्र हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, वकीलही पटकन तोच सुचवतात. हक्कसोडपत्रावरची मुद्रांकाची सवलत वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे. दोघांनी मिळून बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नव्हे. त्यावर हक्कसोडपत्र केलं तर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दरानेच शुल्क लागतं. किरकोळ रकमेच्या मुद्रांकावर केलेलं हक्कसोडपत्र नोंदणीला नेल्यावर हा धक्का बसतो.

पैशांची देवाणघेवाण असेल तर सरळ हिश्श्याचं खरेदीखत करावं. वरच्या उदाहरणात अर्धा हिस्सा बाजारमूल्याने ४५ लाखांचा. शुल्क मोजताना कर्ज वजा होत नाही, हे लक्षात असू द्या. सहा टक्के दर धरला तर २ लाख ७० हजार आणि वर नोंदणी फी. ही रक्कम कुणी भरायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. बोलणी मोडायला एवढी रक्कम पुरेशी असते.

चौथा मार्ग म्हणजे हुकूमनाम्यातूनच हस्तांतर. ‘न्यायालयाचा आदेश आहे, मग नोंदणी कशाला?’ असं विचारलं जातं. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयाच्या हुकूमनाम्याला सूट आहे. पण तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत आली, तर त्या मिळकतीपुरती नोंदणी लागते. घटस्फोटाच्या अर्जाचा विषय असतो विवाह. त्यामुळे हा मार्ग घ्यायचा असेल तर फ्लॅटचा पूर्ण तपशील मूळ अर्जाच्या परिशिष्टात आणि त्याबद्दलची मागणी अर्जाच्या मागण्यांमध्ये पहिल्या दिवसापासून हवी. मुद्रांक मात्र तिथेही सुटत नाही, कारण महाराष्ट्र मुद्रांक कायद्यातल्या हस्तांतरणाच्या व्याख्येत दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही येतो.

प्राप्तिकराचं थोडक्यात. पती-पत्नीमधल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही आणि देणाऱ्याला भांडवली नफा नाही. एरवी जोडीदाराला फुकट दिलेल्या मिळकतीचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेलं असेल तर तसं धरत नाहीत. म्हणून दस्तात त्या कराराचा उल्लेख असावा. अजून एक सहसा न दिसणारी गोष्ट : बक्षीस मिळालेल्या हिश्श्याची मूळ किंमत देणाऱ्याचीच धरली जाते. ५० लाखांना घेतलेलं घर पुढे ९० लाखांना विकलं, तर पूर्ण ४० लाखांच्या नफ्यावरचा कर घर ठेवणाऱ्यानेच भरायचा. साडेबारा टक्क्यांनी ते पाच लाख होतात. ‘निम्मं-निम्मं’ करताना हे पाच लाख धरलेले नसतील तर वाटणी समान झालेलीच नाही. एकरकमी पोटगी ही भांडवली पावती आहे, म्हणजे उत्पन्न नव्हे, तिच्यावर कर नाही. दर महिन्याची पोटगी उत्पन्नात धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केलेला आहे.

आता क्रम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज (फर्स्ट मोशन) करताना वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचं, ते सेकंड मोशन. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं. त्यासाठी अर्जाच्या आधीच वेगळं राहण्याचं दीड वर्ष पूर्ण झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. ‘घराचं नंतर बघू’ असं लिहिलेलं असेल तर माफीचा अर्ज इथेच लंगडा पडतो.

अडचण अशी की हुकूमनाम्यापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं; हे १९९१ पासून ठरलेलं आहे. याउलट, नोंदवलेलं आणि स्वीकारलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. फर्स्ट मोशनलाच बक्षीसपत्र करून टाकलं आणि समोरच्याने चार महिन्यांनी संमती काढून घेतली, तर घर गेलं आणि लग्न तसंच राहिलं. आणि हुकूमनाम्यानंतर केलं तर सवलत गेली. त्यामुळे दस्ताची वेळ सेकंड मोशनच्या अगदी आधी ठेवायची, शक्य तर त्याच आठवड्यात. दस्ताचा मसुदा, मुद्रांक, दोन साक्षीदार, निबंधक कार्यालयातली वेळ आणि बँकेचं ना हरकत पत्र हे सगळं आधीच तयार. पैसे द्यायचे असतील तर तेही टप्प्यात : काही भाग फर्स्ट मोशनला, उरलेल्याचा डीडी सेकंड मोशनच्या दिवशी न्यायालयासमोर. सगळे पैसे आधी किंवा सगळे नंतर, दोन्ही वाईट.

कन्सेंट टर्म्समधलं एक वाक्य जवळून पाहू. ‘पती सदर फ्लॅटमधील आपला हिस्सा पत्नीला देईल व पत्नी कर्ज फेडेल.’ वाचायला पूर्ण वाटतं. पण ‘देईल’ म्हणजे कधी, कुठल्या दस्ताने? मुद्रांक कुणाचा? तो सहीला आलाच नाही तर? कर्जातून त्याचं नाव निघेपर्यंत हप्ता कुणाचा? ताबा आणि थकलेला देखभाल खर्च? चालू शकणारं कलम असं लागतं : परिशिष्ट ‘अ’मधल्या फ्लॅटमधला (इमारतीचं नाव, सिटी सर्व्हे नंबर, चटई क्षेत्र, मूळ कराराचा दस्त क्रमांक व दिनांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक) पतीचा अर्धा अविभक्त हिस्सा तो अमुक तारखेपर्यंत नोंदणीकृत खरेदीखताने पत्नीच्या नावे करेल, मुद्रांक व नोंदणीचा खर्च पत्नीचा, त्या तारखेपर्यंतचे हप्ते व देखभाल निम्मेनिम्मे, पुढचे पत्नीचे, अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यातून पतीचं नाव अमुक तारखेपर्यंत न निघाल्यास फ्लॅट विकून कर्ज फेडायचं आणि उरलेली रक्कम ठरल्या प्रमाणात वाटायची, दोघांपैकी कुणी दस्ताला हजर न राहिल्यास दुसऱ्याने न्यायालयाकडून दस्त करून घ्यावा. लांबलचक आणि रुक्ष आहे, पण प्रत्येक शब्द कुठलं तरी पुढचं भांडण अडवतो. ठरलेल्या गोष्टी पाळण्याची हमी दोघांनी न्यायालयाला स्वतंत्रपणे द्यावी. ती मोडली तर न्यायालयाच्या अवमानाचा मार्ग खुला राहतो.

सोसायटीचं काम सोपं, पण त्यालाही तोच क्रम लागू. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराची १५ दिवसांची सूचना द्यायची, ठरलेल्या नमुन्यातले अर्ज, ५०० रुपये हस्तांतर शुल्क, १०० रुपये प्रवेश शुल्क. हस्तांतरावर सोसायटी घेते त्या अधिमूल्याची (प्रीमियमची) कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये आहे. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतर असेल तर ते घेताच येत नाही. पती-पत्नी कुटुंबात मोडतात, घटस्फोटित नाही. थकबाकी शून्य करून तसं पत्र आधी घ्यावं, नाहीतर व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीवरून दुसरीवर विषय ढकलला जातो.

दागिने आणि लॉकर. स्त्रीधन ही पत्नीची पूर्ण मालकीची मिळकत आहे. लग्नात आणि नंतर तिला मिळालेलं, मग ते माहेरचं असो की सासरचं. ते वाटणीच्या बेरजेत धरायचंच नाही, तिचं तिला परत करायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितलंय. भांडण होतं ते यादीवर. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या आणि जुन्या पाटल्या मोडून काय केलं याची नोंद, यावरून यादी बनते. लॉकर दोघांनी एकाच वेळी, दोन साक्षीदारांसमोर उघडावा. प्रत्येक नगाचा पट्टीसह फोटो घ्यावा आणि छोट्या काट्यावर ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत वजन करावं. मंगळसूत्रातले काळे मणी, कुड्यांतले मोती, लाख भरलेल्या बांगड्या यांचं वजन सोन्यात धरलं जाऊ नये, म्हणून ‘एकूण’ आणि ‘निव्वळ’ असे दोन रकाने ठेवावेत. यादीवर तिथल्या तिथे दोघांच्या सह्या, आणि परत दिल्याची पावती कन्सेंट टर्म्सना जोडायची.

बाकीच्या मिळकती भराभर उरकतात. संयुक्त बचत खातं ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचं असेल तर बोलणी सुरू होतानाच ‘दोघांच्या सहीने’ असं बदलून घ्यावं. संयुक्त डीमॅट खात्यातून एक नाव काढता येत नाही. एकट्याच्या नावाचं नवं खातं उघडून शेअर तिकडे वळवावे लागतात. पीएफ दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, पण त्यातली शिल्लक बेरजेत धरून बदल्यात दुसरं काही देता येतं. गाडीसाठी आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५, आणि १४ दिवसांत विमा नव्या नावावर. विमा पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ खाली काढलेली असेल तर ती पत्नी-मुलांसाठीचा न्यास (ट्रस्ट) असते. नवऱ्याला एकट्याला तिच्यात बदल करता येत नाही. ‘ती पॉलिसी मी सरेंडर करतो आणि पैसे वाटू’ असं ठरवण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा.

हुकूमनाम्यानंतर त्याच्या किमान तीन प्रमाणित प्रती एकदमच काढाव्यात. बँक, सोसायटी आणि पुढचा खरेदीदार तिघंही मागतात. नव्या इंडेक्स टूवर फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ आणि नावांची अक्षरं तिथेच, कार्यालय सोडण्याआधी तपासावीत. चूक निघाली तर चूकदुरुस्ती दस्ताला पुन्हा दोघांच्या सह्या लागतात. मग मालमत्ता कराचं खातं, वीज जोडणी, गॅस. बँकेकडून सहकर्जदार वगळल्याचं पत्र घ्यावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिल अहवालात ते उतरलं का, ते पाहावं. शेवटी नामनिर्देशनं : पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, बँक आणि सोसायटी, पाचही ठिकाणी. मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही नव्याने करावं; घटस्फोटामुळे त्यातलं नाव आपोआप गळत नाही.